संग्रहालयाची पायरी न चढलेल्यांना बोलवायचं कसं?

सोलापूरच्या पूर्व भागात दारोदारी जाऊन "आमचं संग्रहालय बघायला या" म्हटलं की सगळ्यांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं : "आम्हाला काय कळतंय ओ त्यातलं?" हे म्हणणारी बाई जन्मभर विड्या वळत आलेली असते. हे म्हणणारे मामा रात्रपाळीत मागावर उभे राहून म्हातारे झालेले असतात. आणि ज्या जागेतलं आपल्याला काही कळत नाही असं त्यांना वाटतं, तिथं काचेच्या पेटीत मागावर आडवं सूत नेणारा धोटा ठेवलेला असतो, भिंतीवर गिरणीच्या चिमणीचा फोटो असतो, मेजावर जुना हजेरीपट उघडून ठेवलेला असतो.

मी याच भागातल्या विणकराच्या घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी. नोकरी शिक्षिकेची केली आणि निवृत्त झाल्यापासून गावातल्या एका लहान संग्रहालयाच्या कामात आहे. मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयांकडे यासाठी वेगळा विभाग असतो, पगारी माणसं असतात. मी लिहितेय ते लहानांसाठी : एखाद्या ट्रस्टचं दालन, कॉलेजच्या इतिहास विभागातली दोन खोल्यांची मांडणी, साखर कारखान्याने उभारलेलं स्मृतिभवन, गावच्या वाड्यात जपून ठेवलेल्या वस्तू. जिथं शाळेच्या सहली येतात, पाहुणे आले की दाखवायला नेतात आणि एरवी दिवसभर दालनं रिकामी असतात.

इतक्या दिवसांच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जो माणूस कधी येत नाही त्याला काही दाखवायला बोलवू नका, त्याला काही विचारायला बोलवा. बाकी सगळ्या सूचना यातूनच निघतात.

आधी हे समजून घ्या

"तिकीट फुकट करा, लोक येतील" असं ट्रस्टच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. तिकीट कमी असावं, हे बरोबरच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क बंद झालं. भेटींचा आकडा भराभर वाढला, पण त्या वाढीतला मोठा वाटा आधीपासून संग्रहालयात जाणाऱ्या शिकल्या-सवरल्या वर्गाचाच होता. जे येत नव्हते त्यांतले बहुतेक तसेच बाहेर राहिले.

का, याचं मला पटलेलं उत्तर मेरिलिन हूड या अमेरिकन संशोधक बाईंच्या कामात आहे. १९८३ साली त्यांनी टोलेडो शहरातल्या लोकांचा अभ्यास मांडला. मोकळा वेळ कुठं घालवायचा हे माणसं कशावरून ठरवतात, हा त्यांचा प्रश्न होता. संग्रहालयात वारंवार जाणाऱ्यांना नवीन शिकायला मिळणं, वेगळा अनुभव मिळणं, वेळ सत्कारणी लागणं महत्त्वाचं वाटत होतं. कधीच न जाणाऱ्यांना हवं होतं ते वेगळंच : आपली माणसं बरोबर असावीत, त्या जागेत अवघडल्यासारखं होऊ नये, आणि स्वतः काहीतरी करायला मिळावं.

हे वाचून सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेला, निघालेलं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सासू, सून, पोरं, शेजारीण, माहेरून आलेली बहीण. होम मैदानावर कुणी कुणाला "हळू बोला" म्हणत नाही. पाळण्यात बसायचं, बांगड्यांचे भाव करायचे, पोराला खेळणं घ्यायचं, दमलं की तिथंच बसून शिदोरी सोडायची. हूडबाईंनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तिथं आहेत. आता आपल्या दालनात यातलं काय आहे ते बघा. बसायला खुर्ची असते ती रखवालदाराची. करायला काही नसतं, उलट "हात लावू नये" अशी पाटी असते. बरोबर आलेल्यांशी बोलायला जावं तर आवाज घुमतो.

म्हणून पहिल्यांदा न येणाऱ्याला दोष देणं सोडा. "लोकांना इतिहासाची आवडच राहिली नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही. ज्या गावात यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, कुणी धरायचे याचे मान पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात, तिथल्या लोकांना जुन्याची ओढ नाही असं कसं म्हणता येईल?

एक गल्ली निवडा

"सोलापूरकरांनी यावं" असं आवाहन कुणालाच लागू पडत नाही. एक गल्ली किंवा एक कामाची जागा निवडा आणि वर्षभर तिच्याच मागे लागा. साखर पेठेतला एक बोळ, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या दोन ओळी, शास्त्री नगरातली एक वस्ती, रिक्षाचा एक थांबा, सिव्हिलमधल्या आया आणि वॉर्डबॉय. निवडताना एकच गोष्ट बघायची : आपल्याकडे असं काय आहे जे या माणसांना आपल्यापेक्षा जास्त कळतं?

मग तिथं जा. निमंत्रणपत्रिका नेऊ नका, वस्तू न्या. नोंदवहीतली अस्सल वस्तू नाही, तिची जोड किंवा बाजारातून मिळवलेली तशीच दुसरी. आम्ही लाकडी धोटा नेतो. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांच्या हातात तो दिला आणि "हे काय आहे ते आम्हाला नीट सांगा" म्हटलं. त्यांनी आधी दोन्हीकडची लोखंडी टोकं अंगठ्याने चाचपली. मग आतली जागा बघून सुताची कांडी कशी बसते ते सांगितलं. मग धोटा तोंडापाशी नेऊन भोकातून श्वास ओढून दाखवला. कांडी बदलली की सुताचं टोक असं तोंडाने ओढून बाहेर काढायचं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि सुताबरोबर कापसाचा भुगा छातीत जायचा. आमच्या पेटीतल्या धोट्याखाली तोवर "धोटा. लाकूड व लोखंड. विसावे शतक." एवढंच लिहिलेलं होतं.

बोलणं संपल्यावर "हेच तुम्ही रविवारी आमच्याकडे येऊन चार जणांना सांगाल का?" असं विचारायचं. हेच निमंत्रण. मामा येतात तेव्हा एकटे येत नाहीत. सून येते, नातू येतो, कारण मामांना कुणीतरी मानाने बोलावलं आहे. संग्रहालय बघायला न येणारं घर आपल्या माणसाचं बोलणं ऐकायला येतं.

गल्लीत शिरताना कुणाला धरायचं हेही महत्त्वाचं. नगरसेवकाकडून सुरुवात केली तर काम राजकीय होतं, दुसऱ्या बाजूचे लोक येत नाहीत. अंगणवाडीच्या ताई, बचत गटाच्या अध्यक्षा, भिशीचा हिशेब ठेवणारी अक्का, गणेश मंडळाच्या लेझीम पथकाचा मुख्य पोरगा, मशिदीजवळचे चहावाले चाचा, यांना धरा. या माणसांच्या शब्दावर लोक उठून येतात.

वेळ म्हणजे मजुरी

या मुद्द्यावर मी अडून बसते. विड्यांची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. सुपात पान-तंबाखू घेऊन बसलेली बाई तुमच्या कार्यक्रमाला तीन तास आली तर तितक्या विड्या कमी होतात आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल देताना तो हिशेब तिलाच भोगावा लागतो. यंत्रमागावरच्या कामगाराचंही तेच. म्हणून जो माणूस तुम्हाला माहिती देतो, करून दाखवतो, त्याला त्या वेळेचे पैसे द्या. शाल, नारळ आणि टाळ्या देऊन परत पाठवू नका. व्याख्यात्या प्राध्यापकांना मानधन देताना आपण विचार करत नाही, तर चाळीस वर्षं ताणा जोडलेल्या माणसाला देताना का करावा? आणि पैसे पाकिटात घालून त्याच दिवशी द्या. "बिल पास झालं की कळवतो" म्हटलं की तो माणूस पुन्हा येत नाही आणि गल्लीलाही येऊ देत नाही.

आता दिवस आणि तास. आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी ज्या गल्लीची पाळी, त्या दिवशी तिथली बाई घर सोडून कुठंही जाणार नाही, मग तुम्ही तिच्या आजोबांचा पुतळा उभारत असलात तरी. कार्यक्रमाची तारीख ठरवण्याआधी त्या गल्लीला पाणी कधी येतं ते विचारा. कारखान्याची सुट्टी कोणत्या वारी असते, पगार कधी होतो, माल द्यायची वेळ कोणती, हेही विचारून घ्या. संग्रहालयाची वेळ दहा ते पाच आणि रविवारी बंद असेल, तर कष्टकरी माणसासाठी ते बाराही महिने बंदच आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ साडेआठपर्यंत उघडं ठेवलं आणि त्या बदल्यात एखादी सकाळ बंद ठेवली तरी चालेल.

जाण्या-येण्याचं बघा. गल्लीतून थेट शेअर रिक्षा मिळत नसेल तर पहिल्या वेळी टेम्पो किंवा गाडी करा. दुसऱ्या वेळेपासून रस्ता माहीत झालेला असतो, माणसं आपली येतात.

दारातली पहिली दोन मिनिटं

माणूस परत येणार की नाही हे दालनात ठरत नाही, फाटकात ठरतं. "कुठं चाललात?" आणि "या, बसा, पाणी घ्या" यांत अख्ख्या संग्रहालयाची ओळख आहे. म्हणून सगळ्यांत आधी शिकवायचं ते रखवालदाराला आणि तिकीट फाडणाऱ्याला. त्यांना कमी पगारात, उन्हात उभं करून "गर्दी होऊ देऊ नका" एवढंच सांगितलेलं असतं. त्यांना बैठकीत बसवा, दालनं दाखवा, वस्तूंची माहिती द्या. आमच्याकडचा फाटकावरचा मुलगा आता आलेल्याला विचारतो, "कुठल्या भागातून आलात?" आणि भाग कळला की तिथली कोणती वस्तू कुठं ठेवली आहे ते आपणहून सांगतो. त्याच्या जोरावर आमची कितीतरी कामं झाली.

नंतर साध्या गोष्टी. पिण्याचं पाणी दिसेल अशा जागी. बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं संडास. दर दालनात निदान एक बाक, पाठ टेकता येईल असा. लहान मूल रडलं तर आईला बाहेर घालवू नये. बुरख्यातल्या बायका घोळक्याने आल्या तर रखवालदाराने मागे मागे फिरू नये. चपला कुठं काढायच्या की नाहीच काढायच्या ते दारातच सांगावं, कारण पायात काय घालून आत जायचं हे न कळल्यामुळे माणसं उंबऱ्यावर थबकतात. मग कुणी बघतंय असं वाटून परत फिरतात.

बोलू द्या. "शांतता राखा" ही पाटी काढून टाकली तर काही बिघडत नाही. बायका एखाद्या वस्तूपुढे उभ्या राहून मोठ्याने बोलतात तेव्हा त्या ती वस्तू ओळखत असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तूंची दालनं आहेत. तिथं गावाकडच्या बायका "हे आमच्या आजीकडं होतं" म्हणत एकमेकींना हाका मारतात. मला ते ऐकायला फार आवडतं.

हात लावण्याचं काय? ट्रस्टींची भीती खरी आहे, वस्तू तुटतात, घामाने लोखंड गंजतं, कापड विरतं. म्हणून हाताळायच्या वस्तूंचा संच वेगळा करा : जोड असलेल्या, सहज पुन्हा मिळणाऱ्या, नोंदवहीत न चढवलेल्या. धोटा, कांड्या, मागाच्या फणीचा तुकडा, कापडात नक्षी विणणाऱ्या जेकॉर्डचं भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, रिकामं सूप, पानं कापायची कात्री, जुनी वजनं. हे एका मेजावर उघडं ठेवा आणि "हात लावून बघा" असं मोठ्या अक्षरात लिहा. बाकीचं काचेत राहू द्या. मेज आलं की काचेला हात लावणंही आपोआप कमी होतं.

चार भाषांचं गाव

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा रस्त्यावर ऐकू येतात. दालनात मात्र मराठी आणि इंग्रजी. सगळ्या पाट्या चार भाषांत करायला पैसे नसतील तर करू नका. प्रत्येक दालनात एकच वस्तू निवडा आणि तिची माहिती चार भाषांत द्या, तीही ऐकता येईल अशी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर रेकॉर्ड केलेला दोन मिनिटांचा आवाज पुरतो. पण तो आवाज कुठल्या निवेदकाचा घेऊ नका. विडी घरकुलातल्या अम्माचा घ्या, ती जशी बोलते तसा. तिच्या गल्लीतल्या बायका तो आवाज ऐकायलाच येतील.

दालन दाखवणारी माणसंही त्याच समाजातली हवीत. २०१५ साली बर्लिनमधल्या संग्रहालयांनी 'मुलताका' नावाचा उपक्रम सुरू केला. सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांनाच मार्गदर्शक म्हणून शिकवलं आणि त्यांनी आपल्या लोकांना अरबीतून दालनं दाखवली. नव्या देशात बिचकलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत, त्याच्याच मातीतल्या वस्तू दाखवणारा भेटला. आपल्याकडे यासाठी परदेशी जायची गरज नाही. बारावी झालेली, घरी बसून विड्या वळणारी एखादी हुशार मुलगी महिन्याभराच्या शिकवणीत उत्तम मार्गदर्शक होते. तिला पगार द्या.

पाटीवर काय लिहायचं

चाळीस-पन्नास शब्दांच्या वर जाऊ नका. म्हाताऱ्याला चार फुटांवरून वाचता येईल एवढी अक्षरं. आणि पहिलं वाक्य माणसाबद्दल असू द्या. धोट्याची आमची पाटी आता अशी आहे : "या भोकातून सूत बाहेर काढायला विणकर तोंड लावून श्वास ओढत. सुताबरोबर कापसाचा भुगा छातीत जाई. गिरणीत काम केलेल्या विणकराने आम्हाला हे करून दाखवलं." खाली त्यांचं नाव, त्यांच्या परवानगीने. नाव लागलं की घरातले सगळे ते बघायला येतात, पाहुण्यांनाही घेऊन येतात.

फोटोंची संध्याकाळ

करायला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फळणारा कार्यक्रम हा. आपल्याकडचे जुने फोटो मोठे करून छापा : गिरणीचं फाटक, मंगळवार बाजार, मार्कंडेयाच्या रथाची मिरवणूक, गड्डा, जुना एखादा चौक. मेजांवर पसरा. बाजूला कोरे कागद, पेन्सिली, आणि लिहून घेणारी दोन-तीन कॉलेजची पोरं. लोकांना एकच विनंती : "यातलं कोण, कुठलं, कधीचं, ते सांगा."

मेजाभोवती भांडणं होतात. हा चौक तो नाहीच, ही दुकानाची पाटी नंतरची, हा मागे उभा आहे तो आमचाच जॉबर, गिरणीतला मुकादम. पोरांनी सगळं लिहून घ्यायचं, दोन्ही बाजू लिहायच्या, कुणालाही खोडून काढायचं नाही. नंतर तपासता येतं. चहा द्या, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी द्या, पण फोटोंच्या मेजापासून लांब.

स्वातंत्र्य चळवळीत, १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज हजारो माणसं जातात. या विषयाचं प्रदर्शन केलं तर भाषणाला तेच नेहमीचे चेहरे दिसतात. त्यापेक्षा जुन्या पेठांमधल्या घरांना विचारा की त्या दिवसांबद्दल आजी-आजोबांकडून काय ऐकलं होतं. प्रत्येक घरात काही ना काही सांगणं निघतं. कुणाकडे पत्र निघतं, कुणाकडे खादीची टोपी.

वस्तू आणल्या की सांभाळायचं ते हे : तिथल्या तिथं फोटो काढा, स्कॅन करा आणि वस्तू परत द्या. ठेवून घ्यायची असेल तर शिक्का-सहीची पावती द्या, तीवर वस्तूचं वर्णन आणि परतीची तारीख. "राहू दे की तुमच्याकडं" असं म्हाताऱ्याने भावनेच्या भरात म्हटलं तरी घरातल्यांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. पुरावशेषांबद्दलचा १९७२ चा कायदा माहीत असू द्या : शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा वाङ्मयीन मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं त्यात येतात, आणि त्यांतल्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेतात नांगरताना नाणी सापडली असं कुणी सांगितलं तर १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माणसाला न घाबरवता हे समजावून सांगा, त्याच्याबरोबर कचेरीत जा. तुम्ही त्याला अडचणीत टाकणार नाही हे गावाला कळलं पाहिजे.

गिरण्या-माग नसतील तर

तत्त्व तेच राहतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. त्यांचं स्मारक आपल्या गावात आहे. अशा ठिकाणी शाळांबरोबर परिचारिकांना, ड्रेसिंग करणाऱ्यांना, रुग्णवाहिकेच्या चालकांना बोलवा. औषधं कमी, उजेड कमी, जखमी जास्त, अशा वेळी काय करतात ते त्यांना विचारा. कोटणीसांचं काम किती अवघड होतं हे त्यांच्या तोंडून जेवढं कळतं तेवढं चरित्राच्या फलकांतून कळत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग-कुडलचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख घ्या. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. शिलालेखाची प्लास्टरची प्रतिकृती करून घ्या आणि पाथरवटांना, नावाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना बोलवा. अक्षर दगडात कसं बसतं, छिन्नी कुठं घसरली, कोरणारा कोणत्या हाताने काम करत असावा, हे त्यांना दिसतं. मुलांनी कागद लावून पेन्सिलने ठसे घ्यावेत.

दालन घेऊन बाहेर पडा

काही माणसं पहिल्यांदा येणारच नाहीत. म्हातारी, आजारी, परवानगी न मिळणाऱ्या सुना, दोन पाळ्या करणारे. त्यांच्याकडे आपण जायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरतं संग्रहालय चालवलं आहे. आपल्याला बस परवडत नाही, पण एक मेज, चार चौकटी आणि हाताळायच्या वस्तूंची पेटी परवडते. गड्ड्यावर एक गाळा मागा. गणेश मंडळांना देखाव्यासाठी त्यांच्याच पेठेचे जुने फोटो द्या, अट एवढीच की मंडळाकडचे जुने फोटो आपल्याला स्कॅन करू द्यायचे. मंडळाच्या पोरांकडे पन्नास-साठ वर्षांचा ऐवज ट्रंकेत पडलेला असतो.

बाहेर गेलात तर परतीची वाट ठेवा. गाळ्यावर फोटोचा अर्धा भाग लावा आणि उरलेला संग्रहालयात बघायला मिळेल असं सांगा. किंवा तिथं ठसा घेतलेल्या मुलाचा कागद ठेवून घ्या आणि रविवारी आजीला घेऊन न्यायला ये म्हणा.

मुलांवरून सांगते. शाळेची सहल रांगेने येते, रांगेने जाते, मुलं बिस्किटं खाऊन विसरतात. त्या सहलीत प्रत्येक मुलाला एकच वस्तू वाटून द्या. तिच्याबद्दल ते तीन वाक्यं सांगायला शिकेल असं बघा आणि "घरच्यांना घेऊन ये, तू दाखव" असा पास द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी ही कुटुंबं येतात. मूल पुढे, आईबाप मागे. त्या वेळी आपण मध्ये बोलायचं नाही.

सेल्फीच्या चौकटीला माझा विरोध नाही, पोरं येतात. पण आहे तो सगळा पैसा मोठ्या पडद्यांवर आणि रोषणाईवर घालू नका. पडदा बिघडला की दुरुस्तीला महिने जातात, आणि काळ्या पडद्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला वाटतं की आपल्यालाच चालवता आला नाही.

मोजायचं काय

वर्षाअखेर किती जण आले हा आकडा ट्रस्टला लागतो, तो द्या. पण स्वतःसाठी वेगळी वही ठेवा. तीन रकाने पुरेत : कुठल्या भागातून आले, पहिल्यांदा की परत, कुणाबरोबर. हे दारातल्या माणसाने बोलता बोलता विचारून लिहायचं. अभिप्राय वहीवर विसंबू नका. ज्यांना लिहायची सवय नाही ते तिच्यापासून लांब राहतात, आणि "फार छान उपक्रम" लिहिणारे तेच असतात जे कुठंही लिहितात. परत आलेल्यांचा आकडा लहान असला तरी तोच खरा. एक अक्का दुसऱ्यांदा आली आणि बरोबर जाऊबाईला घेऊन आली, तर त्या महिन्याचं काम बरं झालं असं मी समजते.

माहिती देऊन गेलेल्याला त्याचा फोटो छापून आठ दिवसांत घरी नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, छापलेला भिंतीवर लागतो आणि गल्लीत तोच तुमची जाहिरात करतो.

वर्षाची आखणी

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्व भागात कुणाला बोलवू नका, तुम्हीच तिकडं जा. त्यानंतर गल्ली निवडून भेटी सुरू करा. गणपतीत मंडळांचे फोटो. नवरात्रात पूर्व भागातल्या तेलुगू बायका बतुकम्मा, म्हणजे फुलांची रचलेली देवी, मांडतात. आपल्याकडे अंगण असेल तर एक संध्याकाळ ते त्यांना द्या. फुलं त्यांची, गाणी त्यांची, आपण फक्त झाडलोट करून दिवे लावायचे. त्या वेळी भाषण नको, दालनं मात्र उघडी ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत लेकी माहेरी येतात, फोटोंची संध्याकाळ तेव्हा ठेवा. जानेवारीत १२ तारखेला हुतात्म्यांचं स्मरण आणि त्याला लागूनच संक्रांतीची यात्रा असते. सगळं गाव तिकडं असतं, म्हणून आपला मुक्काम गड्ड्यावर. मार्च-एप्रिल परीक्षांचे. त्यात पाट्या बदला, नोंदी स्वच्छ करा, जमलेली माहिती तपासा.

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. सोलापुरात तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर, अंगणात, माठ भरून ठेवून. त्या दिवशी बाहेरचा पाहुणा आणू नका. वर्षभर ज्यांनी माहिती दिली त्यांना एकेक वस्तू वाटून द्या, प्रत्येकाजवळ खुर्ची ठेवा, आणि आलेल्यांना त्यांच्याकडे पाठवा.